पुराची रेघ असलेल्या खोलीत बालसंग्रहालय उभे करताना

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या आमच्या गावात एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर तीन खोल्या आहेत. ऑगस्ट २०१९च्या महापुरात त्या खोल्यांत छातीएवढे पाणी शिरले आणि ओसरताना भिंतीवर गाळाची एक सरळ रेघ ठेवून गेले. घाईने वरच्या मजल्यावर नेलेली पुस्तके पुन्हा खाली आलीच नाहीत. खोल्यांना कुलूप लागले. आज त्याच खोल्यांमध्ये मुलांचे छोटे संग्रहालय चालते आणि ती रेघ आम्ही मुद्दाम तशीच राखली आहे. मे २०२१मध्ये मी भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून मार्च २०२५पर्यंत या कामात जे जे करावे लागले ते येथे क्रमाने लिहीत आहे. असा उपक्रम करू पाहणाऱ्या तीन-चार शिक्षकांनी गेल्या वर्षभरात मला तेच ते प्रश्न विचारले. त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना कागदपत्रांपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंतचा हिशेब एका ठिकाणी मिळावा, एवढाच हेतू आहे.

सुरुवातीला माझ्या मनात होते ते पर्यावरणावरचे एक साधे दालन: नदी, जंगल, ऊर्जा, कचरा अशा विषयांचे तक्ते आणि प्रतिकृती. शाळेत मी तीस वर्षे हेच शिकवले होते. मात्र दरवर्षी विज्ञान प्रदर्शन संपले की शाळेच्या मागच्या बाजूला ‘पर्यावरण वाचवा’ असे लिहिलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृतींचा ढीग पडत असे आणि दोन-तीन दिवसांनी कोणीतरी तो पेटवून देत असे. तो काळा धूर मुले वर्गाच्या खिडकीतून पाहत. आपण फळ्यावर काय लिहिले यापेक्षा खिडकीतून काय दिसले, हेच त्यांच्या लक्षात राहणार, याची मला दरवेळी खंत वाटे. म्हणून पहिल्याच बैठकीत आम्ही सात जणांनी एक नियम ठरवला की, जे ही इमारत स्वतः करत नाही ते तिच्या भिंतीवर लिहायचे नाही. या नियमामुळे खर्च वाढला, वेळही लागला. तरी पुढचा प्रत्येक निर्णय घेताना त्याचाच आधार झाला.

पहिले काम संग्रहालय चालवणाऱ्या न्यासाच्या (ट्रस्टच्या) नोंदणीचे. आपल्या राज्यात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदणी करण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी किमान सात सभासद लागतात. ऑगस्ट २०२१मध्ये अर्ज दाखल केला; प्रमाणपत्र हाती आले फेब्रुवारी २०२२मध्ये. मधले तीन महिने माझ्याच चुकीने गेले, कारण कार्यालयाचा पत्ता म्हणून मी माझ्या घराचा पत्ता दिला होता आणि घर पतीच्या नावावर असल्याने त्यांचे संमतिपत्र जोडायला हवे होते, ते जोडले नव्हते. अर्ज करण्यापूर्वी पत्त्याचा पुरावा आणि जागामालकाची संमती हे दोन कागद अवश्य तपासावेत. उद्देशांच्या कलमात ‘बालसंग्रहालय चालवणे’ आणि ‘पर्यावरण शिक्षण’ हे शब्द स्पष्टपणे घातले, याचा मात्र पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोग झाला.

जागेसाठी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडे नोव्हेंबर २०२१मध्ये विनंतीपत्र दिले होते. दोन सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. जानेवारीच्या सभेत मला बोलावले गेले, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “बाई, संग्रहालय म्हणजे जुन्या मूर्ती, नाणी, शस्त्रे. तुमच्याकडे यातले काय आहे?” प्रश्न रास्त होता. मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे असे पहिले संग्रहालय १८९९मध्ये सुरू झाले, त्यात मुलांनी वस्तू हाताळून शिकावे असा प्रघात पडला, आणि त्याच संग्रहालयाने २००८मध्ये वाढवलेल्या इमारतीत जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा उपयोग करून वातानुकूलनाची वीज वाचवली, एवढे मी सांगितले. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, परंतु पुराची रेघ आहे, जुनी भिंत आहे आणि कौलांवर पडणारा पाऊस आहे, हेही सांगितले. तासाभराच्या चर्चेनंतर ठराव मंजूर झाला.

वाचनालय हाही सार्वजनिक न्यास असल्यामुळे येथे एक कायदेशीर बाब आली. न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर १९५०च्या कायद्यातील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वकिलांच्या सल्ल्याने आम्ही १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ असा ३६ महिन्यांचाच करार केला. भाडे दरमहा १,५०० रुपये ठरले. करार नोंदवून घेतला. नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क अगदी थोडे. ओळखीच्या माणसांत कशाला नोंदणी, असे अनेक जण म्हणाले, पण वीजजोडणीपासून आयकराच्या कागदांपर्यंत प्रत्येक ठिकाणी या नोंदणीकृत कराराचीच प्रत मागितली गेली.

त्या वेळच्या आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदारांना करसवलत) ही दोन्ही मान्यतापत्रे नमुना १०ए भरून ऑनलाइन मिळाली, त्यासाठी फी पडली नाही. ती तात्पुरती, तीन वर्षांची होती. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यांपैकी जे अगोदर येईल त्या तारखेपर्यंत नमुना १०एबी भरून ती नियमित करून घ्यावी लागत. ही तारीख अनेक छोट्या संस्थांच्या नजरेतून सुटते, म्हणून मी ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली होती. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची आशा धरू नये, असे मी प्रांजळपणे सांगेन. त्यासाठी सीएसआर-१ ही नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. नव्या संस्थेकडे तो कुठून असणार? आमचा पैसा माजी विद्यार्थ्यांच्या पाचशे-हजाराच्या देणग्यांतून आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेतील १ लाख रुपयांतून उभा राहिला.

मे २०२२मध्ये आम्ही तिघे जण पुण्या-मुंबईला जाऊन आलो. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे काम केले. रिकामी काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, जुनी बॅटरी यांतून विज्ञानाची तत्त्वे दाखवणारी ती खेळणी पाहिल्यावर आमच्या अंदाजपत्रकातील ‘प्रतिकृती’ हे सदर आम्ही निम्म्यावर आणले. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९पासून मुलांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. तेथील जुने गोरखचिंचेचे झाड हेच त्या जागेचे केंद्र आहे. झाड न तोडता त्याच्या सोबतीने जागा रचली आहे. परतीच्या एसटीत आम्ही बराच वेळ त्याच झाडाबद्दल बोलत होतो. आपल्या खोल्यांतले ‘झाड’ कोणते, या प्रश्नाचे उत्तर कराडच्या अलीकडेच सापडले: भिंत.

खोल्यांच्या भिंती दगड-विटांच्या, मूळच्या चुन्याच्या गिलाव्याच्या. परंतु मधल्या काळात खालच्या बाजूला सिमेंटचा गिलावा केला गेला होता. महापुरानंतर सिमेंटचा तो थर पापुद्र्यांसारखा सुटला, त्याखाली पांढरा क्षार फुलला, आणि त्याच भिंतीवर जेथे जुना चुना शिल्लक होता तेथे मात्र केवळ डाग पडला. याचे कारण असे की सिमेंट भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू देत नाही, चुना देतो. ठेकेदारांनी दिलेल्या अंदाजात पुन्हा सिमेंटचा गिलावा, प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत, दोन वातानुकूलन यंत्रे आणि बाहेर फ्लेक्सचा फलक असे धरले होते. आम्ही तो अंदाज आदरपूर्वक परत केला आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधू लागलो. सव्वादोन महिने लागले. शेवटी वाईजवळच्या एका देवळाच्या दुरुस्तीवर काम केलेले एक वयस्कर गवंडीमामा तयार झाले.

मामांनी ऑगस्ट २०२२मध्ये मागच्या अंगणात खड्डा करून कळीचा चुना भिजवला. पाणी पडताच तो खदखदू लागला आणि वाफेने अंगण भरले. तीन आठवडे तो तसाच पाण्याखाली मुरत ठेवला, मग वाळू आणि विटांची सुरखी घालून घोटला. गिलाव्याला चिकटपणा यावा म्हणून त्यात बेलफळाचे पाणी आणि गूळ घातला. गावातली मुले रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर येऊन उभी राहत. चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून मुलांना आत घेतले नाही. मात्र शेवटच्या थराच्या वेळी, चुना शांत झाल्यावर, हातमोजे घालून एका कोपऱ्यात थापी फिरवू दिली. तो कोपरा आजही खडबडीत आहे, आणि ज्यांनी तो केला ती मुले आता नववीत असूनही येताना तेथे हात लावून जातात. गिलावा, कोबा आणि कौलांची दुरुस्ती मिळून २ लाख १० हजार रुपये लागले आणि काम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालले. सिमेंटमध्ये हे काम पाऊण लाखाने स्वस्त आणि तीन आठवड्यांत झाले असते. पुढचा पूर आल्यावर कोणते स्वस्त ठरले असते, हा हिशेब आम्ही भिंतीशेजारीच मांडला आहे.

गाळाच्या रेघेचा दोन फूट लांबीचा पट्टा न खरवडता ठेवला आणि तीच खूण धरून बाकी सगळी रचना केली. विजेचे सर्व खटके आणि सॉकेट रेघेच्या वर घेतले. कपाटे लोखंडी पायांची, खालचा भाग मोकळा. प्रत्येक मांडणी दोन माणसांना उचलता येईल एवढ्याच वजनाची. नदीकाठच्या गावात टिकाऊपणाचा पहिला अर्थ हाच आहे, असे माझे ठाम मत आहे. दर पुरानंतर फेकून द्यावे लागेल असे काही उभारणे म्हणजे पुढच्या कचऱ्याची आजच खरेदी करणे.

त्याच सुमारास, २४ ऑगस्ट २०२२ रोजी, प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली आणि तिच्यात शाश्वततेचा उल्लेख प्रथमच आला. ही बातमी मी वाचनालयाच्या वार्षिक सभेत वाचून दाखवली. जानेवारीत प्रश्न विचारणारे सदस्यच नंतर मला म्हणाले, “बाई, त्या व्याख्येचे मराठी करून फलकावर लावा.”

फलकांचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीवर २०१८पासून बंदी आहे, १ जुलै २०२२पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवरही बंदी आली. जाड फ्लेक्स चालतो, परंतु आम्हाला तोही नको होता. आमच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम जवळजवळ बंद पडले होते. त्यांनी मांजरपाटाला खळ लावून, ते लाकडी चौकटींवर ताणून, त्यावर हाताने मजकूर रंगवून दिला. चौदा फलकांचे २८,००० रुपये झाले, फ्लेक्सच्या सुमारे पाचपट. मजकुरात चूक निघाली तर तेवढीच ओळ पुसून पुन्हा लिहिता येते, आणि गेल्या दोन वर्षांत आम्ही सहा वेळा तसे केले आहे. रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण अवश्य पाहावे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा) जास्त असू नये असा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. लहान मुले जिथे भिंतींना हात लावतात आणि तोच हात तोंडात घालतात, तेथे ही बाब गौण नाही.

विजेच्या बाबतीत मी एका माजी विद्यार्थ्याचे ऐकले, याचे मला समाधान वाटते. तो स्वतः विद्युत अभियंता आहे. सौर पॅनेलच्या विक्रेत्याने ३ किलोवॅटचा प्रस्ताव दिला होता; हा म्हणाला, “बाई, आधी गळती थांबवू, मग टाकी भरू.” वाचनालय आणि संग्रहालय मिळून महिन्याला साधारण ३१० युनिट लागत होते. नऊ जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे होते, त्यांच्या जागी २८ वॉटचे बसवले. चोक लागणाऱ्या चौदा ट्यूबलाइट काढून २० वॉटच्या एलईडी लावल्या. तीस हजार रुपये खर्च झाला आणि वापर १४० युनिटांवर आला. मग २ किलोवॅटची यंत्रणाच पुरेशी ठरली. काढलेल्या ट्यूबांमध्ये पारा असतो, त्या घंटागाडीत टाकता येत नाहीत; अधिकृत संकलकाकडे पोहोचवेपर्यंत सात आठवडे त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, जपून ठेवाव्या लागल्या.

सौर यंत्रणेसाठी जानेवारी २०२३मध्ये अर्ज केला आणि तो परत आला. मीटर वाचनालयाच्या नावावर, अर्ज आमच्या न्यासाच्या नावावर. ज्याच्या नावावर मीटर त्यानेच अर्ज करायचा, ही साधी गोष्ट मी विचारून घेतली नव्हती. मार्चमध्ये वाचनालयाच्या नावाने पुन्हा अर्ज केला. केंद्र सरकारचे छतावरील सौर यंत्रणेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी असते, संस्थांना ते मिळत नाही, त्यामुळे १ लाख ३८ हजार रुपये पूर्ण भरावे लागले. जाणारी आणि येणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर मिळण्यासाठी थांबावे लागले. यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली २ सप्टेंबर २०२३ रोजी. या निमित्ताने वीजबिलातील वर्गवारीही तपासली. वाचनालयाला व्यावसायिक दर लावला जात होता, तो सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीत बदलून घेण्यासाठी एक अर्ज आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पुरली. जुने बिल कपाटातून काढून ‘वर्गवारी’ ही ओळ वाचणे, एवढेच काम प्रत्येकाने आज संध्याकाळी करावे.

संग्रहालय उघडले ते रविवार, २३ एप्रिल २०२३ रोजी, उन्हाळी सुटीच्या तोंडावर. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागे आणि कचऱ्याचे वर्गीकरण आयोजकाने करायचे असे. आम्ही पत्र दिले, पोच घेतली. महिला मंडळाची स्टीलची ताटे-पेले आणले, पन्हे आणि वाटली डाळ केली. त्या संध्याकाळी ताणकाट्यावर दिवसाचा कचरा मुलांसमोर टांगला: ओला साडेचार किलो, सुका सातशे ग्रॅम, आणि त्या सातशे ग्रॅममध्ये जवळजवळ सगळे पाहुण्यांनी आणलेल्या पुष्पगुच्छांचे प्लॅस्टिक. वहीच्या पहिल्या पानावर ती नोंद एका सहावीतल्या मुलीने केली. तेव्हापासून रोज संध्याकाळी, त्या दिवशी जे मूल सर्वांत शेवटी असेल त्याने, कचऱ्याचे वजन करून वहीत लिहायचे अशी पद्धत आहे. ही वही आमच्याकडची सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू आहे.

दुसरी म्हणजे सायकल. जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला पट्ट्याने एक मोटर जोडली आहे, समोर मोटारीचा ५५ वॉटचा दिवा आणि शेजारी ५ वॉटचा एलईडी. खटका एलईडीकडे असला की पायडल सहज फिरते आणि लख्ख उजेड पडतो; तोच खटका मोठ्या दिव्याकडे केला की पाय एकदम जड होतात. एकदा चौथीतला एक मुलगा दात-ओठ खाऊन पायडल मारत होता. दिवा पिवळसर, मग तांबूस झाला, शेवटी पूर्ण पेटला, आणि जेमतेम अर्धा मिनिट टिकून विझला. तो खाली उतरला, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, “बाई, आमच्या गोठ्यात असला दिवा रात्रभर जळतो.” वॉट या शब्दाचा अर्थ मी वर्गात किती वेळा सांगितला असेल, पण तो पायांतून कसा कळतो हे मला त्या दिवशी दिसले. सगळा खर्च ७,५०० रुपये.

मे महिन्यात पाच हजार लिटरची टाकी बसवली. गणित सोपे आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, आणि कौलांवर मुरणे-उडणे धरून त्याचे ऐंशी टक्के हाती येते. ४५ चौरस मीटर छत पन्हाळीला जोडले आहे, म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत ३६० लिटर. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी वेगळ्या नळीने बाहेर सोडायचे. मुलांनी बाटलीचे पर्जन्यमापक केले, टाकीवर रंगाने आकडे घातले आणि जूनची वाट पाहू लागली. त्या वर्षी पाऊस लांबला. जुलैत टाकी निम्मी भरली, आणि ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. टाकी तळाला गेली. शाळांच्या भेटी ठरल्या होत्या, ‘पावसाचे पाणी’ हा फलक लावलेला होता. टँकरने टाकी भरून घ्यावी, मुलांना काय कळणार आहे, असे आमच्यापैकीच काहींनी सुचवले. मी नकार दिला. त्याऐवजी टाकीचे झाकण उघडे ठेवले, आत पाहायला पायरी केली, आणि शेजारी रोजच्या पावसाची वही ठेवली, जिच्यात ओळीने एकवीस दिवस शून्य लिहिलेले होते. मुले वाकून रिकाम्या टाकीत ओरडून आवाज घुमवत, आणि मग वही वाचून गप्प होत. एका शिक्षकांनी नंतर कळवले की त्यांच्या शाळेत त्याच आठवड्यात हात धुण्याच्या नळांना तोट्या बसवल्या गेल्या.

पहिल्या पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडल्या. डिसेंबरमध्ये, मुलांच्या हातांनी भिंती मळतील म्हणून, चुन्याच्या गिलाव्यावर खालचे तीन फूट मी तैलरंग लावून घेतला होता. जुलैत त्या रंगाखाली फुगे आले. चुना ओल बाहेर सोडतो म्हणून तो निवडला, आणि त्याच्यावरच झाकण घातले, ही चूक पूर्णपणे माझी. गवंडीमामांनी रंग खरवडून चुन्याचा हात दिला. ६,००० रुपये गेले. एक हातभर तुकडा फुगलेला तसाच ठेवला आहे, मुले तो बोटाने दाबून पाहतात.

दुसरी गोष्ट खताच्या पिंपाची. शेजारच्या शाळेच्या पोषण आहाराचे उरलेले अन्न आम्ही घेऊ लागलो होतो. आठ दिवसांत पिंपाला अशी दुर्गंधी सुटली की वरच्या मजल्यावरचे वाचक तक्रार घेऊन खाली आले. झाकण उघडले तर अळ्या वळवळत होत्या. शिजवलेला भात ओला, त्यात हवा खेळत नाही आणि कोरड्या पाल्याचे प्रमाण आम्ही फारच कमी ठेवले होते. घंटागाडीवरच्या मावशींनी पाहिल्याबरोबर सांगितले, “बाई, एक घमेलं ओलं तर दोन घमेली पाला. आणि दर दोन दिवसांनी खालचं वर करा.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. आता वाचनालयाच्या अंगणातला पालापाचोळा जाळला जात नाही, पोत्यांत भरून ठेवला जातो. नोव्हेंबरमध्ये पिंपात तापमापक घातला तर आतले तापमान ५८ अंश निघाले. बाहेर २२ अंश होते. मुलांनी हात वर धरून ती ऊब अनुभवली. मावशींना आम्ही रीतसर मार्गदर्शक म्हणून नेमले आहे. महिन्यातून दोन शनिवारी त्या मुलांना शिकवतात आणि त्याचे मानधन घेतात. त्यांच्याकडून शिकताना मुले जितकी एकाग्र असतात तितकी माझ्या तासाला कधी नव्हती.

वस्तू गोळा करण्याचा नियमही एका प्रसंगातून आला. एक मुलगा मोठ्या आनंदाने सुगरणीचा खोपा घेऊन आला, बाभळीवरून काठीने पाडलेला. आत अंडी नव्हती, हे सुदैव; वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणेही शिकारीत मोडते. त्याला मी रागावले नाही. विहिरीकाठी जाऊन आम्ही दोघांनी तासभर नर पक्ष्यांना पाती विणताना पाहिले. आता नियम असा आहे की आपोआप पडलेले, तेवढेच आणायचे, आणि कोणत्या दिवशी कुठे सापडले ते चिठ्ठीवर लिहायचे. वस्तूंना कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या वापरत नाही. वेखंड, कडुनिंबाचा पाला आणि दर पंधरा दिवसांनी उन्हे देणे, यांवर भागते.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी दोन खर्च विसरू नयेत. एक, अग्निशमन साधने आणि ती चालू स्थितीत असल्याचे, परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी-जुलैमध्ये घ्यायचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र. दुसरा, मुलांच्या येण्याजाण्याचा. आमच्या विजेपेक्षा मुलांना आणणाऱ्या खासगी गाड्यांचे इंधन कितीतरी जास्त होते, हे आमच्याच नोंदींतून दिसले. म्हणून लांबच्या शाळांना आम्ही बोलावत नाही. दोन पत्र्याच्या पेट्यांमध्ये साहित्य भरून ते एसटीने शाळेत पाठवतो आणि महिन्याने परत आणतो. एकूण भांडवली खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. प्रवेशशुल्क दहा रुपये, जिल्हा परिषद शाळांना ते नाही.

जुलै २०२४च्या अखेरीस कृष्णेचे पाणी पुन्हा चढू लागले. इशारा आल्यावर मागे ठरवल्याप्रमाणे मोठ्या मुलांना फोन केले. सोळा जण आले. चौदा फलक, कपाटांतल्या पेट्या, सायकल, वह्या, सगळे जिन्याने वर गेले. दोन तास दहा मिनिटे लागली. खाली उरल्या फक्त भिंती, कोबा आणि लोखंडी पाय. पाणी आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत आले आणि तेथूनच उतरले. सामान खाली आणताना मुलांनी स्वतःहून एक नवी यादी केली: कोणती वस्तू जिन्यात अडली, कोणती दोघांना जड झाली, कशाला कडी हवी. सुतारमामांनी त्या यादीप्रमाणे पाच बदल करून दिले.

करार ३१ मार्च २०२५ रोजी संपत होता. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही चार महिने आधी, डिसेंबरमध्येच दिला; सोबत तीन वर्षांची वीजबिले, पावसाची वही, कचऱ्याची वही आणि नमुना ‘ब’च्या प्रती जोडल्या. सभेत ती कचऱ्याची वही सदस्यांमध्ये फिरत राहिली आणि विषयपत्रिकेवरचे पुढचे विषय बराच वेळ तसेच राहिले. नवा करार पुन्हा ३६ महिन्यांचा झाला, भाडे १,७०० रुपये. वाचनालयाने एक अट स्वतःहून घातली आहे: वरच्या मजल्यावरचा कचराही यापुढे त्याच काट्यावर तोलला जावा. वहीत त्यासाठी उजवीकडे एक नवा रकाना आखला आहे, आणि १ एप्रिलची पहिली नोंद आहे, वर्तमानपत्रांची रद्दी सोडून, चारशे दहा ग्रॅम.